आवाज कुणाच्या नावावर

माईक हातात आला की आबा तो आधी पाठीमागे धरायचे, दुसरा हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "अगुदर पाणी."

मंडपात हजार माणूस ताटकळलेलं असो, नवरदेव घोड्यावर घामाघूम झालेला असो, पुढच्या सोफ्यावर पुढारी घड्याळ बघत बसलेले असोत, पाण्याचा तांब्या आल्याशिवाय आबा तोंड उघडत नसत. दोन घोट घ्यायचे, मिशा पुसायच्या, आणि मग बोलायला लागायचे. ते जे बाहेर यायचं त्याला आमच्या केज तालुक्यात नुसतं 'आवाज' म्हणत. लग्न ठरलं की लोक एकमेकांना विचारत, "मंडप झाला, आचारी झाला, आवाज सांगितलाव का?"

आबा हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे दर गल्लीत चार आबा निघतात, त्यामुळे आबा म्हटल्यानं कुणाचं नाव घेतल्यासारखं होत नाही. खरं नाव मी लिहिणार नाही. एकदा त्यांच्या नावाचा कागद माझ्यामुळे मुंबईला गेला, तेवढा पुरे.

तुम्ही मराठवाड्यातलं लग्न पाहिलं असेल तर माईकवाल्या माणसाचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. अक्षता पडण्याआधी तासभर नावं घेतली जातात. अमक्या गावचे सरपंच आले, तमक्या सोसायटीचे चेअरमन आले, त्यांचा फेटा बांधून सत्कार. नाव मागेपुढे झालं तर माणूस न जेवता निघून जातो आणि सोयरीक वर्षभर फुरंगटून बसते. आबा नावांच्या चिठ्ठ्या खिशात ठेवत आणि प्रत्येकाला समोर जाऊन विचारत, "आडनाव नीट सांगा. गाव सांगा." पुढाऱ्यांची नावं सगळेच घेतात. आबा मागच्या रांगेतलीही घेत. धारूरच्या घाटाकडच्या एका लग्नात नवरीचे मामा थेट उसाच्या फडातून आले होते, अंगावर पाचटाची कुसळं तशीच. ते खांबाआड उभे होते. आबांनी त्यांना हेरलं, नाव विचारलं, आणि माईकवरून सांगितलं की मुलीचे मामा आलेले आहेत, त्यांनी सन्मानानं पुढं यावं. मामांनी टोपी सरळ केली आणि सगळ्या मंडपातून चालत पुढे गेले. मी साऊंडच्या पेटीजवळ बसलो होतो. मला हुंदका आला, आणि मी काही फार हळवा माणूस नाही.

माझं म्हणाल तर तहसीलच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. साऊंड भाड्यानं देणं, रिक्षावरून फिरवायच्या जाहिराती रेकॉर्ड करणं, हा धंदा. आतल्या खोलीला गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकून मी तिला स्टुडिओ म्हणतो. डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला, म्हणून बसून करायचा धंदा धरला. स्वतःचा आवाज शेळीसारखा. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षं माझं दुकान आबांच्या गळ्यावर चाललं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढे आहे.

आबांचा आवाज एका फार मोठ्या नटासारखा होता. कोणत्या, ते विचारू नका. तुम्ही मनात जे नाव घेतलं तेच धरून चला. भरदार, थोडा खरखरीत, शब्दाच्या शेवटी हळूच खाली उतरणारा. नवीन माणूस डोळे मिटून ऐकायचा आणि उघडल्यावर समोर पांढऱ्या सदऱ्यातले बुटके आबा बघून चक्रावायचा. पण आबांनी त्या नटाची नक्कल आयुष्यात केली नाही. लग्नात पोरं मागं लागायची, "आबा, एक डायलॉग मारा ना!" आबा चिठ्ठ्या दाखवून म्हणायचे, "डायलॉग त्यांचे त्यांच्यापाशी. माझ्यापाशी यादी हाय."

नक्कल मी केली. म्हणजे गळ्यानं नाही, फ्लेक्सनं. धंदा थंड होता, डोक्यात किडा वळवळला आणि मी दुकानावर हा एवढा बोर्ड लावला: 'मुंबईच्या सुप्रसिद्ध नटाच्या आवाजात जाहिरात करून मिळेल.' बाजूला त्या नटाचा हसरा फोटो. वाचणाऱ्यांनो, तुम्ही केजला, माजलगावला, कुठंही बाजारपेठेतून चक्कर मारा. नटाचा फोटो नाही असं सलून दाखवा, हिरॉईन नाही असं साडीचं दुकान दाखवा. आमच्याकडे फोटो लावायला कुणाला विचारायचं असतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आबांनी बोर्ड बघितला आणि रस्त्यातच थांबले.

"हे काढा."

"आबा, गिऱ्हाईक येतंय ह्याच्यानं."

"माझ्या आवाजात म्हना की."

"तुमच्या आवाजात म्हणलं तर कोण येईल?"

हे बोलून मी हसलो. आबा हसले नाहीत. दोन दिवस दुकानात आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले आणि बोर्डाकडे न बघता आत गेले. बोर्ड राहिला.

मग ती पुण्याची कंपनी आली. एक मुलगी आणि एक मुलगा, दोघांच्या पाठीवर लॅपटॉपच्या पिशव्या. ते शेतकऱ्यांसाठी फोनमधला बोलता मदतनीस बनवत होते. फोनला तोंडी विचारायचं, फवारणी कधी करू, कापसाला भाव काय, विम्याचा फॉर्म कसा भरू, आणि फोन तोंडी उत्तर देणार. एकदा माणसाचा आवाज पुरेसा भरून घेतला की पुढची वाक्यं मशीन स्वतःच त्या आवाजात रचतं. मुलगी म्हणाली, "आम्हाला रेडिओवरचा आवाज नकोय. जवळच्या माणसाचा हवाय." तिला आबांचा आवाज एका लग्नात सापडला होता.

पंधरा दिवस माझ्या स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललं. पहिल्या दिवशी पहिल्याच वाक्याला आबा अडले.

"हे कुनाला सांगायचंय?"

"कुणालाही, काका. जो विचारेल त्याला."

"कुनालाबी कसं बोलावं? एक मानूस सांगा."

मुलगी गोंधळली. मग तिनं ठरवलं, बरं, धारूरकडची एक बाई आहे, तिच्या सोयाबीनची पानं पिवळी पडलीत. आबांनी पाणी घेतलं, डोळे मिटले आणि त्या नसलेल्या बाईला असं काही समजावून सांगितलं की मुलीनं हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. पुढे प्रत्येक वाक्याला माणूस लागायचा. पंधरा दिवसांत त्या पोरीनं अख्खा तालुका मनातून उभा केला. शेवटच्या दिवशी इंग्रजीतला करारनामा आला. आबांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. दोघांनीही तो वाचला नाही.

सहा महिन्यांत तो आवाज खेड्यापाड्यांतल्या फोनमध्ये पोचला आणि आबांची पंचाईत झाली. स्टँडवर कुणीही हात धरायचं. "आबा, सकाळीच तुमाला इचारलं, तुमी म्हनलाव फवारू नका, पाऊस हाय. कुठं हाय पाऊस?" आबांनी समजावून बघितलं की तो मी नव्हे, ते मशीन आहे. लोकांना पटायचं नाही. शेवटी ते नुसतं म्हणायला लागले, "चुकलं बाबा. उद्या बघून सांगतो."

आणि एका दुपारी नोटीस आली. तीन पाकिटं, एक कंपनीला, एक आबांना, एक माझ्या दुकानाला.

आम्ही दोघं कोर्टाजवळच्या वकीलताईंकडे गेलो. त्यांच्या स्वतःच्या लग्नात आबांनीच नावं घेतली होती, त्यामुळे त्यांनी आधी चहा सांगितला. मग नोटीस वाचत गेल्या आणि चहा तसाच राहिला.

"त्या नटाचं म्हणणं असं की फोनमधला आवाज त्यांचा आहे. म्हणजे त्यांच्यासारखा आहे, आणि लोकांना तो त्यांचाच वाटतो. त्यांच्या परवानगीशिवाय तो विकला."

"पर त्यो माझा हाय," आबा म्हणाले.

"त्यांनी कंपनीला आधीच विचारलंय. कंपनी म्हणते आम्हाला ठाऊक नव्हतं. करारात तुम्ही लिहून दिलंय, की माझा आवाज कुठल्याही प्रसिद्ध माणसाशी मिळताजुळता नाही."

"असं म्या लिवून दिलं?"

"इथं जोडलाय करार. सही आहे तुमची."

मी माझ्या चपलेकडे बघत बसलो. साक्षीदाराची सही त्याच पानावर होती.

त्यांची मागणी हमीपत्राची होती. ताईंनी मराठी करून वाचून दाखवलं: सदर आवाज किंवा त्याच्याशी साम्य असलेला कोणताही आवाज मी यापुढे रेकॉर्डिंगसाठी, लाउडस्पीकरवर किंवा मोबदला घेऊन वापरणार नाही. महिन्यात सही द्या, नाहीतर मुंबईच्या कोर्टात या.

आबांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी फार साधा प्रश्न विचारला.

"साम्य असलेला म्हंजी माझाच की, ताई. मग मी बोलू कुन्या आवाजात?"

ताईंनी कायद्याचं सांगितलं. कुणी नटाची नक्कल करून माल विकला तर कोर्ट थांबवतं. मशीनमधून कुणाचा आवाज बनवून वापरला तरी थांबवतं. "पण एखाद्याचा जन्मतःच तसा असेल तर काय, ह्याचं सरळ उत्तर माझ्यापाशी नाही, आबा. एवढं करू, की तुम्ही नक्कल करत नाही हे त्यांना पटवून देऊ. त्यांना म्हणू, या आणि ऐका."

त्या महिन्यात आबांची झोप गेली. लगीनसराई ऐन भरात होती, तारखा घेतलेल्या होत्या आणि प्रत्येक मंडपात त्यांना वाटायचं की कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करतंय आणि ते मुंबईला चाललंय. खरं तर सगळेच शूटिंग करत होते. एका लग्नात त्यांनी आवाज बदलून बघितला, जरा नाकातून, जरा बारीक. पाच नावं झाली नाहीत तर नवरीचा बाप धावत आला, "आबा, बरं न्हाई का? बसा तुमी, सरबत सांगतो." दुसऱ्या दिवशी ते माझ्या स्टुडिओत आले आणि म्हणाले, शिकवा मला दुसरा आवाज. आम्ही सगळे प्रकार केले. घोगरा करून बघितला, किनरा करून बघितला, चघळून बोलून बघितला. मला हसू आवरेना, तेही हसले. मग हसता हसता गादीच्या भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "साठीला आलो. आता कुठून आनू दुसरा?"

महिना संपायच्या चार दिवस आधी मुंबईहून दोघं आले. एक तरुण वकील, अगदी सौम्य बोलणारा, आणि एक आवाजाचा तज्ज्ञ. माझ्या अंड्यांच्या ट्रेकडे बघून तज्ज्ञानं भुवया उंचावल्या, पण बोलला काही नाही. वकीलताई आल्या होत्या. आबांच्या पत्नी, आमच्या काकू, त्याही आल्या होत्या, डोक्यावर पदर घट्ट ओढून दाराशी बसलेल्या.

"तुमच्या नेहमीच्या आवाजात बोला," तज्ज्ञ म्हणाला.

"काय बोलू?"

"हा नाही. तुमचा मूळ आवाज."

"ह्योच हाय, साहेब."

"घाबरू नका. माईकचा नको. घरातला."

"घरातला बी ह्योच हाय."

तज्ज्ञ काकूंकडे वळला. "घरात कसे बोलतात हो हे?"

काकू म्हणाल्या, "घरात? घरात बोलतेत कुठं? समदं बाहीरच संपवून येतेत."

कुणी हसलं नाही. तज्ज्ञानं आबांना वाचायला लावलं, मोजायला लावलं, खोकायला लावलं. तासभर हेच चाललं होतं. आबांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. तज्ज्ञाच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्याला अजून ही मुरलेली नक्कलच वाटतेय. तेवढ्यात काकूच पुन्हा बोलल्या, "थोरल्या भावजींना लावा की फोन."

आबांचे थोरले भाऊ ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम. तेव्हा ते माजलगावकडच्या एका फडात होते. आबांनी फोन लावून टेबलावर ठेवला आणि स्वतः तोंडावर हात ठेवला. दहाव्या रिंगला फोन उचलला गेला. मागं कोयत्यांचा आवाज, कुणीतरी बैल हाकतंय, आणि मग तो भरदार, खरखरीत, शेवटी खाली उतरणारा आवाज:

"कोन बे? काम चालूय हितं!"

मुंबईच्या वकिलाच्या हातातलं पेन थांबलं. ताईंनी विचारलं, "मुकादम, तुमच्या घरात असा आवाज आणखी कुणाचा?"

"कसा आवाज? चुलत्याचा हाय, आमच्या बापाचा हुता. का वो, काय झालं?"

तज्ज्ञानं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "नैसर्गिक आहे," तो आपल्या वकिलाला म्हणाला. "नक्कल नाही." ताईंनी माझ्याकडे बघून श्वास सोडला. आबांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मला वाटलं, सुटलो. आता पेढे आणावेत का, असासुद्धा विचार माझ्या मूर्ख डोक्यात येऊन गेला.

वकिलानं पिशवीतून एक फोटो काढला आणि टेबलावर सरळ करून ठेवला. माझा बोर्ड. नटाचं हसरं तोंड, खाली माझ्या दुकानाचं नाव.

"नक्कल नाही, हे आम्ही मान्य करतो," तो त्याच सौम्य आवाजात म्हणाला. "स्वतःच्या गळ्यानं बोलायला कुणी कुणाला बंदी करू शकत नाही. पण इथं आमच्या अशिलाचा चेहरा दाखवून आवाज विकला गेलाय. मग आवाज कुणाचाही असो. हे ज्यानं केलं त्याला आम्ही सोडणार नाही. काकांनी केलं असेल तर तेच हमीपत्र, दुसऱ्या कुणी केलं असेल तर त्याच्यावर मुंबईत दावा. बोर्ड कुणी लावला?"

खोलीत पंखा फिरत होता. मला नुसतं 'मी' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. मला दुकान दिसलं, बँकेच्या हप्त्यावर घेतलेले स्पीकर दिसले, मुंबईच्या कोर्टाच्या पायऱ्या दिसल्या, त्या पायऱ्यांवर माझा पाय दिसला. मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"म्या लावाया सांगितला," आबा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही.

"ह्यांचा काय संबंध न्हाई. ह्यांचं नुसतं दुकान हाय. कुठं सही करू सांगा."

ताई म्हणाल्या, आबा, थांबा, विचार करा. काकूंनी पदर तोंडाला लावला. आबांनी तेवढ्यात हमीपत्रावर सही करून टाकली होती. वकिलानं कागद घडी करून पिशवीत ठेवला, आबांना नमस्कार केला आणि निघताना म्हणाला, "तुमचा आवाज फार सुंदर आहे, काका." हे तो मनापासून म्हणाला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण खरं तर ती माझ्या कानाखाली वाजायला हवी होती.

ते गेल्यावर मी आबांना विचारलं, "असं कावून केलं, आबा?"

"धंदा बुडाला तर तुमी ऊस तोडाया कोयता धरताल का?" ते म्हणाले. "म्या धरीन. झालं तर मग."

मी त्याच संध्याकाळी बोर्ड उतरवला. त्यानं काय होणार होतं?

हमीपत्राची गोष्ट आबांनी गावात कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर बोर्डाची गोष्टही सांगावी लागली असती. त्यांनी गळ्याला मफलर गुंडाळला आणि घसा बसलाय असं खुणेनं सांगायला सुरुवात केली. मग गावानं औषधं सुरू केली. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी मध, कुणी अंबाजोगाईच्या डॉक्टरचा पत्ता. एका म्हातारीनं तर देवीला नवस बोलल्याचं सांगितलं. आबा प्रत्येक पुडी दोन्ही हातांनी घ्यायचे आणि कपाळाला लावायचे. लग्नांना जायचे, आता पाव्हणे म्हणून. मधल्या रांगेत बसायचे. माईकवर कुणीतरी नवा असायचा. तो आडनावं चुकवायचा तेव्हा आबांचे ओठ हलायचे, बरोबर आडनावावर. खांबाआडचे मामा आता खांबाआडच राहायला लागले.

आणखी एक गंमत झाली, म्हणजे गंमत कसली. कंपनीनं आबांचा आवाज काढून टाकला आणि काही महिन्यांनी त्या नटाशीच रीतसर करार केला. आता फोनमध्ये खुद्द तो नट बोलायला लागला. पुण्यामुंबईत त्याच्या मोठ्या जाहिराती झाल्या म्हणे. केजमध्ये कुणाला पत्ताच लागला नाही. लोक आबांनाच धरून विचारत, "घसा बसला तरी फोनमधी बरं बोलताव की, आबा!" मी एकदा शेजारी होतो. आबांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं मी वर्षभर पाहिलं. मी वाईट माणूस नाही, भित्रा आहे. आणि भित्र्या माणसाला एक दिवस स्वतःच्याच तोंडाची किळस येते. मी वकीलताईंकडे गेलो आणि प्रतिज्ञापत्र करून मागितलं. बोर्ड मी लावला, आबांनी तो काढायला सांगितला होता, मी ऐकलं नाही. ताईंनी विचारलं, "परिणाम माहीत आहे ना? तुमच्यावर दावा पडू शकतो." मी म्हटलं, पडू दे. कागद मुंबईला गेला. एक प्रत आबांना पाठवावी लागेल, असं ताई म्हणाल्या, म्हणून ती रजिस्टर पोस्टानं त्यांच्या घरी गेली. मुंबईहून आजपर्यंत उत्तर आलेलं नाही. आबाही आता केजला नाहीत. यंदा दसरा झाल्यावर भावाच्या टोळीबरोबर गेले, काकूंना घेऊन, साठीच्या वयात. घराला कुलूप आहे.

जाण्याच्या आठ दिवस आधी त्यांना पोस्टमननं तो कागद दिला. बाजारचा दिवस होता, रस्ता माणसांनी भरलेला. मी काउंटरवर वायर सोलत बसलो होतो. आबा आत आले. मफलर नव्हता. हातात पाकीट फाडलेलं.

"कावून केलं तुमी हे?"

वर्षभरानं तो आवाज मी ऐकत होतो. पूर्ण, उघडा आवाज. माझ्या हातातली वायर खाली पडली.

"आबा, खोटं होतं ते. मला—"

"खोटं हाय ते मला म्हाईत न्हाई व्हय? जल्मात माईकवर एक नाव खोटं घेतलं न्हाई म्या. एकदा बोललो. तुमच्यासाठी बोललो. दिलं हुतं म्या तुमाला ते! दिलेलं परत करायलाव व्हय? मी काय मागाया आलतो तुमच्याकडं?"

"मला झेपत नव्हतं, आबा."

"मला झेपत हुतं ना!"

त्यांचे डोळे भरलेले होते, माझेही. मी उठायला गेलो तर पाय खुर्चीत अडकला. ते आणखी काही बोलणार होते, पण दारातला उजेड अडला म्हणून वळले.

बाहेर रस्ता थांबला होता. पानटपरीवाला हातातलं पान तसंच धरून उभा. भाजीवाल्या बाया उठून आलेल्या, ऊसतोडीला निघालेलं एक कुटुंब गाठोड्यांसकट थांबलेलं. शब्द त्यांना कळले नव्हते, आवाज पोचला होता. सगळ्यांची तोंडं आनंदानं फुललेली.

"आबांचा घसा सुटला!"

"नवस पावला बगा!"

एक बाई पुढं होऊन म्हणाली, "आता माझ्या पोरीच्या लग्नाला तुमीच हाव. दुसरं कुनी न्हाई. सांगून ठिवते."

"बोला की, आबा," मागून कुणी म्हातारा ओरडला. "दोन शब्द बोला!"

आबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटलं, बोलू दे, फाटू दे ते हमीपत्र. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, हळूच गळ्याशी हात नेला आणि खुणेनं सांगितलं, बसलाय.

सगळे हसले. आत्ताच तर रस्ताभर ऐकू आला होता. आबांनी कधी कुणाची चेष्टा केली नव्हती, तरी सगळ्यांना ती चेष्टाच वाटली, आणि ते आणखी मोठ्यानं हसले. आबांनी दोन्ही हात जोडले आणि त्या हसणाऱ्या माणसांतून वाट काढत स्टँडकडे चालू लागले.